उड्या मोजू नका, ऐका

*पत्र: मी माणदेशातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक आहे. सातवी ते दहावीची अकरा मुलं-मुली १०० आणि २०० मीटरसाठी तयार करतोय. मोबाइलवर परदेशी धावपटूंचे व्हिडिओ बघून जूनमध्ये प्लायोमेट्रिक्स, म्हणजे उसळत्या उड्यांचा व्यायाम, सुरू केलं. वर्गातले डेस्क मैदानावर आणले. डेस्कवरून खाली उडी, लगेच वर उडी, मग बेडूकउड्या. रोज मिळून दोनशेच्या वर, आठवड्यातले सहा दिवस. दीड महिना झाला, पण टायमिंग सुधारायच्या ऐवजी घसरलं. नववीतली माझी सगळ्यांत चांगली मुलगी जूनमध्ये १०० मीटर १३.९ मध्ये धावली होती, आता १४.३ लागतात. सातवीतला एक मुलगा टाच दुखते म्हणून लंगडतोय. दोन पालक येऊन म्हणाले, उड्यांनी उंची खुंटते, बंद करा. स्टाफरूममध्ये म्हणतात, ही लांब पल्ल्याची माती, इथे स्प्रिंटर होत नसतो. उड्या बंद करू, की मुलं कमी पडतायत म्हणून आणखी वाढवू? जिम नाही, मैदान मुरमाचं आहे, तालुका स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे.*

सर,

आधी ते डेस्क वर्गात नेऊन ठेवा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

उड्या बंद करू नका, वाढवू तर मुळीच नका. मुलं कमी पडत नाहीयेत, ती दमली आहेत. रोजच्या दोनशे धरल्या तरी आठवड्याच्या बाराशे होतात. आता एक गंमत सांगते. डेस्कवरून खाली आणि लगेच वर, हा जो प्रकार तुम्ही व्हिडिओत पाहिलात, तो मुळात सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हर्खोशान्स्की यांचा. ते तिहेरी उडी शिकवायचे. १९६० च्या दशकात त्यांनी ही पद्धत बसवली आणि तिला 'शॉक मेथड' म्हटलं. नावातच धक्का आहे. त्यांनी उंची सांगितली होती ७५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास तुमच्या डेस्कएवढी. पण त्यांच्यासमोर होते वर्षानुवर्षं वजनं उचललेले पूर्ण वाढीचे खेळाडू, आणि त्यांनाही ते एका दिवशी चाळीसच उड्या द्यायचे, तेही आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याच्या ऐंशी. तुमच्या सातवीतल्या पोरानं त्यांच्या पंधरापट मारल्या.

रागावून लिहीत नाहीये. मी स्वतः या पायऱ्या चढले आहे, शब्दशः. सोळा वर्षांची होते तेव्हा आमचे सर आम्हाला स्टेडियमच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर बेडूकउड्या मारायला लावायचे, खालून वरपर्यंत, दहा फेऱ्या. शेवटच्या फेरीला जो रडत नाही तो खरा, असा हिशोब होता. तिसऱ्या महिन्यात नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि तो अख्खा मोसम मी पॅव्हेलियनमध्ये बसून इतरांच्या वेळा वहीत लिहिल्या. सर वाईट नव्हते. त्यांच्या सरांनी त्यांच्याकडून जे करून घेतलं, तेच त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. घाम आला म्हणजे सराव झाला, ही समजूत आपल्या मैदानांवर फार जुनी आहे. लांब पल्ल्याला ती बऱ्याच अंशी चालून जाते, म्हणूनच तुमच्या भागात ती जास्त घट्ट असणार. ललिता बाबर माण तालुक्यातून निघून २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली ती डोंगरभर मैल मोजूनच. १०० मीटरला तो हिशोब लावला की उलटा पडतो.

का पडतो ते सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कुठला व्यायाम घ्यायचा हे मला विचारावं लागणार नाही.

पूर्ण वेगात धावणाऱ्या मुलाचा पाय जमिनीवर किती वेळ असतो? साधारण एक दशांश सेकंद. जगातल्या अव्वल धावपटूंचा त्याहूनही थोडा कमी. आणि मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूला आपली सगळी ताकद गोळा करायला किती वेळ लागतो? तीन दशांश किंवा जास्त. म्हणजे स्नायू ताकद गोळा करतोय तोवर पाय उचललेलाही असतो. मग जोर येतो कुठून? बराचसा येतो टाचेमागच्या त्या जाड शिरेतून, जिला अकिलीस म्हणतात (रक्ताची शीर नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर). पाय टेकला की पोटरीचा स्नायू घट्ट राहतो, शीर ताणली जाते आणि रबरासारखी परत आकसते. घट्ट राहायचं काम स्नायूचं, उडवायचं काम शिरेचं. हे टेकणं जितकं लवकर उरकेल तितकं परत जास्त मिळतं. गुडघ्यात वाकून, बसून, विचार करून वर उठलात की ताणलेल्या शिरेतला जोर वायाच गेला.

गणपती जवळ आलेत. गावात ढोल-ताशाचा सराव चालू असेल तर एका संध्याकाळी अकराही मुलांना तिकडे घेऊन जा आणि ताशा वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघायला सांगा. काडी पानावर पडते आणि पडल्या क्षणी उठते. वाजवणारा ती उचलत नसतो, ताणलेलं पान तिला परत फेकतं. शेजारी एखादा नवशिका पोरगा असेलच. तो काडी दाबतो. आवाज बसतो आणि दहा मिनिटांत त्याचं मनगट भरून येतं. वेगवान धावपटूचा पाय हा पहिल्याचा हात असतो. आपल्या मुलांना दोनशेव्या उडीला आपण दुसऱ्याचा हात शिकवत असतो. दमलेला पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो, आणि शरीराची खोड अशी की त्याच्याकडून जे वारंवार करून घ्याल ते ते नेमकं शिकतं. तुमच्या मुलांनी दीड महिना मन लावून सावकाश उडी मारण्याचा सराव केला. टायमिंग घसरलं यात नवल काय!

आणखी एक समज खोडायला हवा. वेगानं धावायचं म्हणजे पाय भराभर फिरवायचे, असं मुलांना वाटतं, आपणही ओरडतो, "पाय हलव, पाय हलव!" २००० साली संशोधक पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर वेगवेगळ्या वेगाच्या धावपटूंना पळवून मोजमाप केलं. वेगवान माणूस पाय हवेतून पुढे आणायला संथ माणसापेक्षा फारसा कमी वेळ घेत नव्हता. फरक होता तो जमिनीला दिलेल्या जोराचा. वेगवान माणूस तेवढ्याच किंवा त्याहून थोड्या वेळात जमिनीला जास्त जोरानं ढकलत होता. तेव्हा उड्यांचा उपयोग काय, तर थोड्या वेळात जास्त जोर लावायची सवय. एवढाच. घाम काढणं, दम वाढवणं, जिद्द तपासणं यासाठी दुसरे व्यायाम आहेत.

आता सातवीतला मुलगा. त्याला आजपासून धावणं-उड्या बंद. त्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा तुकडा अजून मुख्य हाडाला पुरता जुळलेला नसतो, मध्ये वाढीची कूर्चा असते आणि अकिलीसची शीर नेमकी तिथेच ओढत असते. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटात धरून दाबलीत आणि तो "आई गं" म्हणाला, तर बहुतेक तेच असतं. घाबरण्यासारखं नाही, वाढ झाली की जातं, पण त्यावर उड्या मारत राहिला तर महिनोन् महिने रेंगाळतं. डॉक्टरांना दाखवा. त्याला तोवर हाताची, पोटाची ताकद करू द्या, नाहीतर घड्याळ द्या हातात. गोळी देऊन पळवू नका, हे तुम्ही करणार नाही, तरी लिहिते, कारण स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे करणारे मी पाहिलेत. आणि कुठल्याही मुलाला हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवण्यासारखं दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, सूज असेल, तर वाट बघायची नाही.

उंची खुंटण्याचं म्हणाल तर पालकांना नीट बसवून सांगा, की बेताच्या उड्यांनी किंवा व्यवस्थित शिकवलेल्या वजनांनीही उंची खुंटत नाही. ही भीती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिला आधार नाही. पण त्यांची शंका अगदीच हवेतली आहे असंही नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सगळ्यांत झपाट्यानं वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि शिरा मागून येतात. त्या काही महिन्यांत मुलं अचानक वेंधळी होतात, स्टार्टला अडखळतात, गुडघे-टाचा दुखतात. वर्गाच्या भिंतीवर पेन्सिलनं प्रत्येकाची उंची मांडून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मांडा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर गेलं असेल तर त्या मुलाच्या उड्या निम्म्या करा, धावण्याचं तंत्र जास्त घ्या. कंपासपेटीतली पट्टी पुरते याला.

आता घ्यायचं काय ते.

आठवड्यातून दोनच दिवस उड्या, सोमवार आणि गुरुवार धरा, मध्ये पुरेसा खाडा पडला पाहिजे. तासाच्या शेवटी नाही, तर वॉर्मअप झाल्याबरोबर, पाय ताजे असताना. पहिले दोन आठवडे उडी मारायचीच नाही, फक्त उतरायचं. शाळेच्या व्हरांड्याची सगळ्यांत खालची पायरी घ्या, वीतभर उंचीची. मुलानं पायरीवरून पुढे पाऊल टाकायचं, दोन्ही पायांवर उतरायचं आणि स्टॅच्यू व्हायचं. तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. तुम्ही समोर उभं राहून गुडघे बघा. उतरताना गुडघे एकमेकांना भेटायला आत येत असतील तर तिथेच थांबा, ते सुधारेपर्यंत पुढे जाऊ नका. मुलींकडे जास्त लक्ष द्या, आत येणारा गुडघा पुढे त्यांच्या लिगामेंटला, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, महागात पडतो. काहींना "गुडघा करंगळीकडे" एवढं सांगितलं तरी जमतं.

आणि डोळ्यांइतकेच कान वापरा. मी पोरांकडे पाठ करून उभी राहते. मागून एकेक जण उतरतो आणि मी फक्त आवाज ऐकते. मुरमावर अख्खा तळवा आपटला की 'धप्प' येतो, त्यात थोडी खडी घासल्याची खरखर असते. नीट उतरलेल्याचा 'टप्' येतो, कोरडा आणि छोटा. एकदा एका आठवीतल्या पोरीला वाटलं बाईंना दिसत नाही म्हणून ती धपाधपा उतरत होती. मी न वळता तिचं नाव घेतलं. त्यानंतर आठवडाभर सगळी पोरं एकमेकांचे आवाज ओळखण्याचा खेळ खेळत होती आणि माझं अर्धं काम त्यांनीच केलं.

उतरण्याचे दोन आठवडे झाले की खऱ्या उड्या. जागच्या जागी, गुडघे जवळजवळ ताठ ठेवून नुसत्या घोट्यातून उसळायचं, दोरीवरच्या उड्यांसारखं पण जरा उंच. दहाचे दोन सेट. मग लंगडी. हो, आपली लंगडीच. प्रत्येक पायावर सहा-सहा, दोनदा. फक्त खेळताना मुलं लंगडीत सरपटतात, इथे प्रत्येक उडीला उसळून पुढे जायचं, पाय तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा उचलायचा. मग उंच स्किप, आठ-आठचे दोन सेट, गुडघा आणि विरुद्ध बाजूचा हात वर फेकत. शेवटी उभ्यानं लांब उडी, पाच. बेरीज केलीत तर पासष्ट होतात. पासष्ट बास. कुणी बाहेरचा प्रशिक्षक "एवढ्यानं काय होणार" म्हणाला तर हसून चहा पाजा. जी मुलं दोन-तीन वर्षं टिकतील, ताकद कमावतील, त्यांना आपण कालांतरानं ऐंशी-शंभरपर्यंत नेऊ. डेस्कवरून उतरून उसळणं शाळेत लागतच नाही.

आणि यातलाही एकेक सेट मध्येच तोडायची तयारी ठेवा. 'टप्'चा 'धप्प' झाला की त्या मुलाच्या त्या दिवशीच्या उड्या संपल्या, मग तो चाळिसाव्यावर असो की पंधराव्यावर. मुलांना हे सुरुवातीला शिक्षेसारखं वाटतं. "सर, अजून होतंय माझ्याकडून," म्हणतील. होतंय हे खरंच असतं, नीट होत नसतं.

जागा कुठली, हे विचारलं नाहीत पण महत्त्वाचं आहे. काँक्रीट नको, शहाबादी फरशी नको. तुमचा मुरूम चालेल, पण खडी झाडून घ्या आणि एक पट्टा पाणी मारून बसवून घ्या. शेजारी कुठे हिरवळ असेल तर उत्तम. वाळू मऊ असते म्हणून चांगली वाटते, पण ती जोर गिळते आणि पाय परत फेकत नाही. उतरायला शिकवताना वापरा, उसळायला नको.

उड्या झाल्या की पाच मिनिटं थांबून धावायचं, आणि हा भाग सगळ्यांत मोठा आहे. पूर्ण वेगानं धावण्याइतका चांगला उड्यांचा व्यायाम मला अजून दिसलेला नाही. विचार करा, प्रत्येक पावलाला एका पायावर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर, एक दशांश सेकंदात. २० मीटर, वेगवेगळ्या स्टार्टनं: उभ्यानं, पालथं झोपून, पाठमोरं बसून, खो-खोत बसतो तसं बसून. खो-खोची पोरं पहिले दहा मीटर इतरांना हात दाखवतात हे तुम्ही पाहिलं असेलच, ती वर्षानुवर्षं हेच करत असतात. असे चार. मग 'फ्लाइंग' वीस: २० मीटर वेग वाढवत यायचं आणि पुढचे खुणेतले २० मीटर सोडून द्यायचं स्वतःला. असे तीन.

मध्ये विश्रांती द्या, भरपूर. माझा ठोकताळा असा की पूर्ण वेगानं धावलेल्या दर दहा मीटरला एक मिनिट. वीसला दोन मिनिटं, फ्लाइंगला चार. तुम्ही म्हणाल, पस्तीस मिनिटांच्या तासाला हे बसवायचं कसं, मुख्याध्यापक खिडकीतून बघतात आणि त्यांना निम्मी मुलं नुसती उभी दिसतात. अडचण खरी आहे. पण तुमची मुलं अकरा आहेत हे तुमच्या पथ्यावर पडतं. एकानं पळायचं, दहा जणांनी बघायचं. एक स्टार्टला, एक घड्याळावर, एक पायांच्या आवाजावर, एक वहीवर. पाळी फिरून येईपर्यंत विश्रांती आपोआप होते आणि खिडकीतून सगळी कामात दिसतात.

ताकदीसाठी जिम नाही म्हणून हळहळू नका. दोनशे बैठका हा दमाचा व्यायाम आहे, स्प्रिंटरला तेवढ्या नकोत. एका पायावर गुडघाभर उंच कट्टा चढणं, पाठीवर झोपून एक पाय टेकवून कंबर उचलणं, एका पायावर चवडे उचलणं, जोडीदारानं घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यावर बसलेल्यानं ताठ अंगानं हळूहळू पुढे झुकायचं, एवढं आठवड्यातून दोनदा, सहा ते आठच्या सेटमध्ये. शेवटचा जो सांगितला तो मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, जो स्प्रिंटरचा पहिला तुटतो. पहिल्या आठवड्यात तो तीनच घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं जिना उतरू शकणार नाहीत आणि पालक पुन्हा येतील. गावात तालीम असेल आणि तिथले वस्ताद समजूतदार असतील तर दहावीच्या मुलांना जोर-सपाट्यांसाठी पाठवायला हरकत नाही.

आता नववीतली मुलगी. १३.९ चे १४.३ झाले म्हणता, पण दोन्ही वेळा घड्याळ कुणाच्या हातात होतं? हातातलं घड्याळ विजेच्या यंत्रणेपेक्षा जवळपास पाव सेकंद कमी दाखवतं, आणि माणूस बदलला की आणखी इकडंतिकडं होतं. म्हणून १०० मीटरच्या एका आकड्यावर झोप घालवू नका. त्याऐवजी ३० मीटर घ्या, तीनदा, घड्याळ एकाच माणसाच्या हातात, चांगली वेळ लिहून ठेवा. सोबत उभ्यानं लांब उडी टेपनं मोजा, तिच्यात घड्याळाचा घोळ नाही. दर तीन आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी. आठ आठवड्यांत ३० मीटरला एक दशांश कमी झाला तर पेढे वाटा, तो फार मोठा आकडा आहे.

तरी ती दमलेली आहे यात शंका नाही. तिला दहा दिवस उड्या नकोत. हलकं धावणं, तंत्र, झोप. आणि घरच्यांशी बोलून एवढं विचारा, किंवा शाळेतल्या एखाद्या बाईंना विचारायला सांगा: शाळेत चालत येते का, किती अंतर, घरी पाणी कोण भरतं, सकाळी काय खाऊन येते. सहाला उठून, दोन हंडे आणून, तीन किलोमीटर चालून, चहा-बटरवर दोनशे उड्या मारणारी मुलगी कागदावर आळशी दिसते. भाकरी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, मिळालं तर अंडं आणि दूध, एवढं पोटात गेलं पाहिजे, सरावानंतर लगेच मूठभर तरी. पाळी सुरू झालेली असून मध्येच बंद पडली असेल तर ते खाणं कमी आणि कष्ट जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं, तिला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. यावर तुम्ही पुरुष शिक्षक म्हणून संकोचाल, पण कुणीतरी विचारलं पाहिजे.

सहा आठवड्यांत काय होईल? पहिला आठवडा सगळ्यांना हलका. पुढचे दोन उतरणं, मग जेमतेम दोन आठवडे पासष्टच्या उड्या आणि धावणं. शेवटच्या आठ-दहा दिवसांत उड्या निम्म्या, धावणं तेवढंच वेगात पण कमी वेळा. स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस उडी नाही. खरं सांगायचं तर तालुक्यापर्यंत मुख्यतः थकवा उतरल्याचा फायदा दिसेल. उड्यांचा फायदा पोचायला जिल्हा आणि विभाग उजाडेल. तालुक्याला नंबर हुकला म्हणून हे सोडून पुन्हा डेस्क काढू नका.

स्टाफरूममधल्यांना दोन गोष्टी सांगा. २०२५ च्या उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत १०० मीटरची दोन्ही सुवर्णं महाराष्ट्राकडे आली, पुरुषांत प्रणव गुरव आणि महिलांत सुदेष्णा शिवणकर, आणि सुदेष्णा तुमच्याच सातारा जिल्ह्यातली. दुसरी, 'प्लायोमेट्रिक्स' हा शब्द १९७५ मध्ये ज्यानं रूढ केला तो अमेरिकन फ्रेड विल्ट स्वतः १० हजार मीटरचा ऑलिम्पिक धावपटू होता. पल्लेदार धावणाऱ्यालाच उड्यांचं मर्म कळलं. माती वगैरे काही नसतं हो.

शेवटचं काम मोबाइलचं. ज्या मोबाइलवर तुम्ही परदेशी धावपटू बघितलेत, तो फ्लाइंग वीसच्या मधोमध जमिनीलगत विटेला टेकवून आडवा ठेवा आणि स्लो मोशन लावा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला १२० चित्रं येतात. नववीतली मुलगी समोरून जाऊ दे. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजा, तिचा बूट मुरमाला लागल्यापासून सुटेपर्यंत किती चित्रं होतात. बारा आली तर एक दशांश सेकंद. आज बहुधा पंधरा-सोळा येतील. तो आकडा तारखेसकट वहीत लिहा, तिलाही दाखवा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा मोजून मला दोन्ही आकडे कळवा.